अंगाची खबर

सोमवारी सकाळच्या ट्रिपला जीपमध्ये अकरा माणसं होती. गुंद ते जोयडा हा माझा तेरा वर्षांचा रस्ता. कुठल्या वळणाला कुठला गिअर हे मला आठवावं लागत नाही, हातपाय आपसूक करतात. त्या दिवशी एका उतारावर मी ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, पण दाबल्याचं तळपायाला कळलंच नाही. मी मान खाली घालून बघितलं. पाय पेडलवर होता आणि माझाच होता.

मान वर केली तोवर गाडी चरीच्या कडेला आली होती. कशीबशी रस्त्यावर घेतली आणि पुढच्या सपाटीला बंद केली.

शेजारी गोविंदमामा बसले होते. आमच्याच गावचे, तालुका कचेरीत काम होतं त्यांचं. "काय रं किस्ना, पंक्चर?"

"न्हाई मामा. उतरा सगळी."

"आरं पण का?"

"पाय कळंना झालाय मला."

मागच्या बाकावर एक बाई होती, तिची लेक बाळंतपणासाठी जोयड्याच्या दवाखान्यात होती. ती रडकुंडीला आली. तिच्या पलीकडचा कोणीतरी म्हणाला, "सकाळी सकाळी घेऊन आलाय वाटतं." तेरा वर्षांत मी थेंब घेऊन कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. मी रागाने दार उघडून खाली उतरलो, म्हणजे उतरायला गेलो. गुडघे कापडासारखे दुमडले आणि मी रस्त्यावर बसलो. मागून सरकारी बस आली. तिच्यात मला आधी चढवलं आणि मग बाकीचे चढले.

खरं तर शनिवारपासून दोन्ही तळव्यांना मुंग्या येत होत्या. नवीन चपला घेतल्या होत्या, त्यांच्या डोक्यावर खापर फोडून मी गप्प राहिलो. अकरा माणसं घेऊन गप्प राहिलो, हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

*

जोयड्याच्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. त्यांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर टक् केलं. पाय उडायला हवा होता, तो तसाच लोंबत राहिला. दुसऱ्याचंही तेच. मग किल्ली घेऊन तळव्यावरून ओढली.

"काय कळतंय?"

"मोज्यावरनं कोण पेन्सिल फिरवतंय असं वाटतंय."

मी मोजे घातले नव्हते.

"मागच्या पंधरा दिवसांत जुलाब झाले होते का?"

"व्हय. गणपती झाल्यावर. चार दिवस."

त्यांनी किल्ली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हा जीबीएस असू शकतो. गुलेन बॅरी म्हणतात. जुलाबाच्या जंतूंशी लढायला शरीर उठतं आणि चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडतं. नसांवरचं आवरण निघतं, मग खालची खबर वर जात नाही आणि वरचा हुकूम खाली येत नाही. आजच्या आज बेळगावला जायचं."

"उद्या गेलो तर?"

"उद्या तुम्हाला खुर्चीत बसता येणार नाही."

त्या मला घाबरवत होत्या असं तेव्हा वाटलं. त्यांनी वेळ न घालवता सांगितलं म्हणून मी आज हे लिहितोय.

थोरल्या भावाला, म्हणजे आण्णाला, फोन गेला. तो माझ्या बायकोला, शेवंतीला, मोटारसायकलवर घेऊन आला. तिच्या पदराला पीठ लागलेलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये मी आडवा, ती शेजारी. मला फक्त गाडीचं छत दिसत होतं. पण पाय गेले तरी कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं ते शाबूत होतं. गाडी कुठे कलली, कुठे वळली, कुठे दबली, सगळं मला कळत होतं.

"आता रामनगर येणार," मी म्हणालो. "आता रेल्वेचं फाटक."

शेवंती खिडकीतून बघून म्हणायची, "व्हय, आलं."

खानापूरला तिने पाण्याची बाटली हातात दिली आणि ती माझ्या बोटांतून सुटली. दोघांनी बाटलीकडे बघितलं. मग मी वळणं सांगायचं सोडून दिलं.

*

पहिले दोन दिवस मी बोलू शकत होतो. पाठीत सुई घालून पाणी काढलं, शिरेतून औषध सुरू झालं. ते पाच दिवस चालणार होतं. अंग मात्र ऐकायला तयार नव्हतं. जोर आणि स्पर्श खालून वर असे जात चालले होते, मांड्या, कंबर, हात. तिसऱ्या दिवशी तोंडातली लाळ गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, श्वासाला मशीन लावावं लागेल. शेवंतीला मी काहीतरी सांगायला निघालो होतो, तेवढ्यात इंजेक्शन दिलं.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती. पापण्या मिटत नव्हत्या म्हणून डोळ्यांत मलम घालून वर चिकटपट्टी लावलेली. हात नाही, पाय नाही, आवाज नाही, उजेड नाही. फक्त कान राहिले होते.

लोकांना वाटतं की अशा वेळी माणसाला काहीच कळत नाही. मला खूप कळत होतं, पण विचित्र तऱ्हेने कळत होतं. नर्सने चादर नुसती पायांवरून सरकवली तरी ठिणग्या पडल्यासारखं भाजायचं. पण कुशीवर वळवून ठेवलं की थोड्या वेळाने ती कूस नाहीशी व्हायची. आधी गादी कळायची, मग गादी जायची, मग माझी बाजूही जायची. शेवटी मी म्हणजे एक डोकं आणि त्या डोक्यात एक पंप, एवढंच उरायचं. पुन्हा वळवलं की अंग झटक्यात परत यायचं, आणि पुन्हा जायचं. वॉर्डातला फिनेलचा वास पहिल्या दिवशी नाकात बसला होता, नंतर तोही गेला. मशीनचा आवाजसुद्धा गेला. एकदा नळी साफ करायला मशीन बंद केली तेव्हा मी दचकलो. शांततेमुळे मला कळलं की इतका वेळ आवाज होता.

पाठीखाली चादरीला एक चुणी पडली होती. आधी दोरखंडावर झोपल्यासारखी टोचली. मी आतून ओरडत होतो, कुणीतरी ती सरळ करा. मग टोचणं थांबलं आणि मला बरं वाटलं. मला वाटलं कुणीतरी केली सरळ. कोणी केली नव्हती. कातडीने सांगायचंच बंद केलं होतं. त्या जागी नंतर जखम झाली, तिची खूण अजून आहे.

*

भेटायला सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं सोडत. बहुधा सहाव्या दिवशी सकाळी शेवंती आणि आण्णा दोघं एकत्र आले.

आण्णा माझ्या उशाशी उभा होता. आवाजावरून कळत होतं. "शेवंती, मी काल डॉक्टरांना विचारलं. किती दिवस लागतील ते सांगत न्हाईत. घरला नेऊया याला."

"घरला? मशीन कुठली घरला?"

"मशीन नको. हे काय जगणं हाय? बाबा असेच दवाखान्यात गेले. आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली की सोडतात. निदान अव्वाच्या मांडीवर तरी जाईल."

अव्वा म्हणजे आमची आई. ती गावी होती, तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

मी सगळं ऐकत होतो. माझा सख्खा भाऊ, ज्याने मला गाडी शिकवली, माझ्या उशाशी उभा राहून मला मरायला घरी न्यायचं ठरवत होता. आणि तोही मायेने. मला नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. हात उचलायचा हुकूम मी दिला, तो कुठे गेला माहीत नाही. मान हलवायचा दिला. मशीन आपल्या चालीने हवा भरत राहिली. घाबरून जोरात श्वास घ्यावा तर तोही माझा नव्हता.

"भावजी, डॉक्टर म्हणालेत त्यांना सगळं ऐकू येतंय."

"ते म्हणणारच. तीन दिवस बघतोय मी. बोट तरी हललं काय याचं?"

मला वाटलं, झालं, ही आता मान डोलावतेय. मग तिचा आवाज लांबून आला, ती नर्सला हाक मारत होती. "सिस्टर, यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढता काय?"

"स्वल्प तडीरी," नर्स कानडीत म्हणाली. जरा थांबा. ती दुसऱ्या कोणाचं तरी काही करत होती. भेटीची दहा मिनिटं त्यातच संपणार होती. जन्मात मी कशासाठी इतकी वाट बघितली नसेल.

पट्टी निघाली. मलमामुळे सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसत होतं. शेवंतीने उजवा हात माझ्या एका बाजूला धरला. "अवं, ऐकू येतंय न्हवं? येत असलं तर या हाताकडं बघा."

मी बुबुळ ढकललं. ढकललं हाच शब्द बरोबर आहे, चिखलात रुतलेली गाडी ढकलावी तसं. ते हललं. तिने हात दुसऱ्या बाजूला नेला. मी तिकडे बघितलं. तिने परत नेला. मी परत बघितलं.

"भावजी," ती म्हणाली, "आता तुमी इचारा."

आण्णा वाकला. त्याची दाढी वाढलेली होती. "किस्ना, घरला यायचं हाय काय? व्हय तर माझ्याकडं बघ. न्हाई तर तिच्याकडं."

मी तिच्याकडे बघितलं.

आण्णाने तोंडावर हात धरला आणि बाहेर निघून गेला. तो दोन दिवस आत आला नाही.

*

त्यानंतर माझी पट्टी दिवसा थोडा वेळ काढून ठेवू लागले. फिजिओथेरपीच्या रेश्मा मॅडम खानापूरच्या होत्या, मराठीत बोलायच्या. त्या रोज हातापायाचे सांधे हलवून द्यायच्या. एकदा शेवंतीने त्यांना विचारलं, "यांना हात लावला तर कळतंय काय?"

"तुमच्या हातात बांगड्या आहेत, त्या कळताहेत का आता तुम्हाला?"

शेवंतीने मनगटाकडे बघितलं. "न्हाई. तुमी म्हणालासा तेव्हा कळल्या."

"तसंच आहे. कातडीत खबर देणारे कितीतरी असतात, पण त्यातले बरेचसे काही बदललं तरच बोलतात. बांगडी घातली की बोलतात, राहिली तशीच की गप्प. आपण बसल्या जागी, झोपेतही सारखे हलत असतो, म्हणून अंग असल्याची खबर मिळत राहते. हे हलत नाहीत. त्यात नसा दुखावल्यात, म्हणजे थोडी जी खबर निघते तीही वाटेत अडकते. दुखणं मात्र इतक्या लवकर गप्प बसत नाही."

"आनि बांगडी सारखी फिरवली तर?"

मॅडम हसल्या. "तर ती कळत राहील."

शेवंतीने तेवढंच धरलं. त्या दिवसापासून प्रत्येक भेटीला ती माझ्या तळव्यावर काहीतरी फिरवायची. धुतलेल्या रुमालाचं टोक, कंगवा, तिची बांगडी, स्टीलचा चमचा. एका जागी ठेवायची नाही, फिरवत राहायची. आणि फिरवताना विचारायची, "काय हाय? कंगवा? व्हय तर माझ्याकडं बघा."

बरेच दिवस मी खोटं सांगत होतो. काहीच कळत नव्हतं, पण तिचं मन मोडू नये म्हणून होकार द्यायचो. मग एका सकाळी गार लागलं. चमचा कळला नाही, त्याचा आकार नाही, कुठल्या हाताला तेही नाही. नुसतं गार, आणि ते सरकत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं दुखलं, तिने चमचा काढून घेतला. मला तो परत हवा होता आणि सांगता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिलो. संध्याकाळी तिने कंगवा आणला होता.

*

मशीनवर तेवीस दिवस गेले. मधे गळ्याला भोक पाडून नळी तिथे घातली. मग खांदे आले, मान आली, मशीन थोडा थोडा वेळ काढू लागले. नळीवर बोट धरून बोलायला शिकवलं. माझं पहिलं बोलणं बायकोशी झालं आणि ते असं होतं, "चादर... सरळ कर." तिला वाटलं होतं मी तिचं नाव घेईन. अजून टोमणा मारते.

आण्णा रोज यायचा, पण माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. जनरल वॉर्डात आल्यावर एका दुपारी तो मोसंबं सोलत बसला होता.

"तू सगळं ऐकलंस तवा."

"व्हय."

त्याने फोड हातातच धरून ठेवली. "बाबांच्या वेळी मला आत सोडलं नव्हतं. काचेतनं बघत हुतो. पाणी मागत हुते ते, हातानं खूण करत हुते. मला पाजता आलं न्हाई. तुझं तसं नको म्हणून... मी वाईट मानूस न्हाई रं."

"ठाऊक हाय मला," मी म्हणालो.

ते खरंच ठाऊक होतं. पण पुढे कितीतरी महिने तो मला उचलायला वाकला की मी आधी खाटेची कड धरायचो. त्याला हे मी कधी सांगितलं नाही. हे वाचून कळेल.

*

घरी आलो तेव्हा भातकापणी होऊन गेली होती. दवाखान्यातून सुटलो की सुटलो, असं मला वाटलं होतं. आमचं घर चढावर आहे, अंगणाखाली सोळा पायऱ्या. त्या पायऱ्यांनी मला चार महिने वर ठेवलं. ओसरीवर बसून मी खालचा रस्ता ऐकायचो. आमची जीप आता आण्णा चालवायचा. गिअर चुकीच्या जागी टाकला की इथपर्यंत आवाज यायचा आणि माझा डावा पाय क्लच दाबावा तसा ओसरीवर दाबला जायचा.

चालायला लागलो ते काठी घेऊन आणि पायांकडे बघत. नजर वर केली की पाय कुठे आहेत ते कळायचं नाही. अंघोळीला तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि धाडकन पडलो. अव्वा धावत आली. तिने देवाला नारळ बोललेला होता, तो फोडायचा राहिल्याने असं होतंय असं तिचं म्हणणं. शेवंती म्हणाली, "अवं आत्या, डोळं मिटलं की पाय हरवत्यात त्यांचं." दोघींचं त्यावरून दोन दिवस बिनसलं. मी मधे ओसरीवर. नारळ फोडला, आणि मी भिंतीला टेकून साबण लावू लागलो. दोघी शांत झाल्या.

एकदा दहा पावलं गेल्यावर अव्वाने मागून हाक मारली, "आरं, चप्पल राहिली." मागे बघितलं तर पायातली चप्पल वाटेत पडलेली. मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मी फार चिडलो. चप्पल उचलून फेकली आणि जेवलो नाही. बरं होणं म्हणजे रोज थोडं थोडं पुढे जाणं, असं सगळे सांगतात. माझ्या अंगाला ते लागू नव्हतं. महिनाभर काही हलायचं नाही, मग एका दिवशी शर्टाचं बटण न बघता लागायचं.

आज मी काठीशिवाय चालतो. तळव्यांवर अजून जाड मोजा आहे, कायमचा असेल. जीप मी चालवत नाही, स्वतःहून. कोणाला दोन्ही पायांना मुंग्या येऊन त्या वर चढत असतील आणि जोर कमी होत असेल, तर त्याने चपलेला दोष देत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

*

गेल्या वर्षी रेश्मा मॅडमचा फोन आला. रामनगरजवळच्या एका गावातली सुमन नावाची बाई त्याच आजाराने मशीनवर होती. "तिचे मालक फार खचलेत. तुम्ही एकदा येऊन दिसाल का त्यांना?"

शेवंती आणि मी बसने गेलो. त्या वॉर्डाच्या दारात फिनेलचा वास आला आणि माझे पाय जागीच थांबले. शेवंतीने माझं कोपर धरलं आणि आत नेलं.

सुमनच्या डोळ्यांवर पट्टी होती. तिचा नवरा महादेव पायथ्याशी भिंतीला टेकून उभा होता, शेतकरी माणूस, हात पाठीमागे बांधलेले. मी आधी तिच्या कानाशी वाकलो. "सुमनताई, मी किस्ना. गुंदचा. मला हेच झालं हुतं. तेवीस दिवस मशीनवर हुतो. आता बसनं आलोय, चालत आत आलोय." तिचं काही हललं नाही. हलणार नव्हतंच. मी सांगत राहिलो, की अंग नाहीसं होतंय असं वाटेल, पण ते जागेवर आहे. आता तुमच्या उजव्या हाताला हात लावतोय, असं सांगून मग हात लावला.

महादेव बघत होता. "तिला ऐकू येत असंल?"

"मला येत हुतं. तुमी बोलला न्हाई का तिच्याशी?"

"काय बोलू? आठ दिवस नुसता हुबा राहून जातोय." त्याने पाठीमागचे हात सोडले. "बरं हो म्हणू? तिच्या हातात हाय व्हय ते?"

"घरचं काय तरी सांगा."

तो पुढे आला. तिच्या उशाशी वाकला. मशीन हवा भरत होती. नर्सने घड्याळाकडे बघितलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

"म्हस व्याली," महादेव म्हणाला. "परवा. पारडी झालीया."

मग अगदी तिच्या कानाला लागून तो म्हणाला, "कपाळावर चांद हाय. अजून नाव ठिवलं न्हाई."